शेततळ्यात माशांवर लाल चट्टे दिसले तर काय करावं, अँटिबायोटिक का टाकू नये

पावसाळा सरून थंडी लागली की रोहू-मृगळाच्या अंगावर लाल चट्टे दिसू लागतात, आणि कुणीतरी गुरांच्या अँटिबायोटिकची पुडी शेततळ्यात किंवा खाद्यात टाकायला सांगतं. ती टाकू नका. आजारी मासा आधी खाणंच सोडतो, म्हणून खाद्यातलं औषध धडधाकट मासे खातात आणि उरलेलं गाळात बसतं. तिथे कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात, आणि त्या चिवटपणाची जनुकं एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडे जातात. मासे कापताना हाताला काटा लागला की तेच जंतू जखमेत शिरू शकतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही अँटिबायोटिकं तर मत्स्यपालनात बंदीच आहेत.

आधी आजार ओळखा. मासे पहाटे पाण्यावर येऊन तोंड उघडत असतील, तर तो जंतू नव्हे, प्राणवायूची कमतरता. खाद्य थांबवा, पंपाने पाणी उंचावरून पाडा. अंगावर चपटे, सरकणारे ठिपके दिसले तर ती अरगुलस ऊ. तिने केलेल्या जखमेतून एरोमोनास हा जंतू शिरतो, म्हणून ऊ घालवल्याशिवाय चट्टे परत येतात. मांसापर्यंत गेलेले खोल व्रण बहुधा अफॅनोमायसिस या बुरशीसारख्या जिवाचे. त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही.

औषधाची मात्रा काढताना सगळ्यात जास्त चूक होते. ३० × ३० × ३ मीटर म्हणजे २,७०० घनमीटर, असा हिशोब करू नका. काठाचा उतार १:१.५ (१ मीटर खोलीला १.५ मीटर आत) असेल तर काठोकाठ भरलेल्या तळ्यातही सुमारे १,९७० घनमीटरच पाणी मावतं, आणि माघात ते आणखी कमी असतं. काठी बुडवून खोली मोजा.

व्रणांसाठी भुवनेश्वरच्या 'सिफा' या मत्स्यसंशोधन संस्थेचं सिफॅक्स हे औषध १०,००० घनमीटरला १ लिटर, म्हणजे भरलेल्या तळ्याला सुमारे २०० मिली. बादलीत पातळ करून सगळीकडे शिंपडा. पाण्याचा सामू (pH) ८.५ च्या खाली असेल तरच चुना, हेक्टरी २०० किलो. या तळ्याला १८ किलो, आधी विझवून. नवी बोटुकली सोडण्याआधी १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम मीठ घालून २-३ मिनिटं बुडवा. मासा कलंडला की लगेच काढा.

तरीही मर थांबली नाही, तर कोणतंही औषध देण्याआधी नमुना तपासायला पाठवा. नागपूरला तेलंखेडीला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. प्राणवायू भरलेल्या पिशवीत जिवंत आजारी मासा न्या. मेलेला असेल तर ताजा, बर्फावर, गोठवलेला नको. कोणत्या औषधाला जंतू दाद देतो हे कल्चरनंतरच, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहिल्यावरच कळतं. तज्ज्ञाने दिलं तर पूर्ण दिवस द्या, आणि सांगितलेला काळ संपेपर्यंत विक्री बंद.

तळ्यात कोंबडीखत टाकणंही सोडा. कोंबड्यांना दिलेलं औषध आणि त्याला सरावलेले जंतू त्यातूनच येतात. शेणखतही कुजलेलंच वापरा.

घरात पोरांनी छोटं कासव पाळलं असेल, तर तिथेही औषधाला सरावलेल्या जंतूंचा हाच धोका आहे. अमेरिकेत कासवाची अंडी जेंटामायसिनमध्ये बुडवून पाहिली. कासवातून माणसाला जुलाब लावणारा साल्मोनेला हा जंतू पुरता गेला नाही, उलट त्या औषधाला न जुमानणारा निघाला. ४ इंचाखालच्या कासवांच्या विक्रीवर तिथे १९७५ पासून बंदी आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना कासव हाताळू देऊ नका, बाकीच्यांनी साबणाने हात धुवावेत. टबाचं पाणी संडासात ओता, मोरीत किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावात नाही, आणि कंटाळा आला म्हणून कासवही तलावात सोडू नका.