रानटी टर्कीच्या तंगड्या टाकू नका, कुकरला लावा

इकडे अमेरिकेत विस्कॉन्सिनला शिकारीच्या स्प्रिंग सीझनमध्ये टर्की मारली की बरेच जण छातीचं मांस काढतात आणि तंगड्या बाजूला, का तर चिवट लागतात. लागणारच ना, पक्षी दिवसभर रानात चालतो आणि तंगडीत काडीसारख्या कडक शिरा असतात, त्या भाजून कधीच मऊ होत नाहीत.

१. तंगड्या-मांड्या सोलून घ्या, मीठ, हळद, आलं-लसूण चोळून रात्रभर फ्रिजमध्ये.
२. दोन वाट्या पाणी घालून कुकर लावा, एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून पाऊण तास.
३. कोमट झाल्यावर मांस हातानेच सोडवा, त्या पांढऱ्या टोकदार काड्या अलगद सुटून येतात. मग कांदा-खोबऱ्याचं वाटण, रस्सा त्याच पाण्यात.

छाती मात्र यात घालू नका, पार चोथा होतो (केलाय मी), ती मांसाच्या रेषांना आडवी पातळ कापून तव्यावर परतायची.

आणि हो, मांस सोडवताना बंदुकीचे छर्रे बोटाने चाचपून बघा, रक्त साकळून काळं पडलेलं असेल तिथे जास्तच. लोहचुंबकावर विसंबू नका, शिशाचा छर्रा त्याला चिकटत नाही.