एनबीए प्लेऑफ्समध्ये टोटलवर बेट कशी लावायची

एनबीए म्हणजे अमेरिकेची बास्केटबॉल लीग आणि प्लेऑफ्स म्हणजे तिची बाद फेरी, पण आधी कायद्याचं उरकून घेऊ. भारतात 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळायला बंदी आणलीये, त्यामुळे ठाण्यात बसून कुठल्यातरी परदेशी ॲपवर हे करायच्या भानगडीत पडू नका. न्यू जर्सीत असाल आणि 21 पूर्ण असतील, किंवा ब्रिटनमध्ये 18, तर लायसन्सवाल्या बुककडे, म्हणजे बेट घेणाऱ्या कंपनीकडे, चालतं. बाकीच्यांनी सकाळी सहाला फायनल बघताना कागदावर अंदाज बांधा, मजा तेवढीच येते आणि खिसा शाबूत राहतो.

टोटल म्हणजे दोन्ही टीमचे मिळून पॉइंट्स. बुक एक आकडा देतं, समजा 214.5, आणि तुम्ही सांगायचं ओव्हर (त्याहून जास्त) की अंडर (त्याहून कमी), जिंकतं कोण याच्याशी देणंघेणं नाही. अमेरिकेत भाव बहुतेक वेळा -110 असतो, म्हणजे 100 डॉलर कमवायला 110 लावायचे, हिशोब केला तर नुसतं ना नफा ना तोटा राहायलाही 52.4 टक्के बेट बरोबर याव्या लागतात. छापा-काटा करून ते जमत नाही.

आता खरं काम. नवीन माणूस सगळ्यात आधी काय करतो तर दोन्ही टीमची रेग्युलर सीझनची सरासरी काढून बेरीज मारतो. 2024 ची फायनल घ्या, बॉस्टनची सरासरी 120.6, डॅलसची 117.9, बेरीज 238 च्या वर. प्रत्यक्षात पाच मॅचच्या टोटल आल्या 196, 203, 205, 206 आणि 194. चौथ्या मॅचला डॅलसने एकट्याने 122 मारले तरी 206 च, कारण बॉस्टन 84 वर गारद. प्लेऑफ्समध्ये बॅक-टू-बॅक, म्हणजे लागोपाठ दोन दिवस मॅच, नसतात, समोर तीच टीम परत परत येते, कोचला तयारीला वेळ मिळतो, मेन प्लेअर जास्त मिनिटं खेळतात, धावत जाऊन सोपे पॉइंट्स मिळणं कमी होतं आणि खेळ हाफकोर्टात अडकतो, म्हणजे समोरचा बचाव जागेवर आल्यावर सावकाश खेळावं लागतं.

म्हणून डोळे मिटून अंडर घ्यायचा का, तर अजिबात नाही, हे बुकला तुमच्याआधी माहीत असतं आणि लाइन, म्हणजे बुकने दिलेला आकडा, त्या हिशोबानेच खाली आलेली असते. 2025 च्या फायनलमध्ये इंडियाना खेळ वेगाने पळवत होती, पहिल्या पाच मॅच 221, 230, 223, 215, 229. मग सहावी 199 आणि सातवी 194.

त्यामुळे सरासरी सोडा आणि पझेशन मोजा, म्हणजे बॉल एका टीमच्या हातात आल्यापासून तो समोरच्यांकडे जाईपर्यंतची एक खेळी. त्याच सिरीजच्या आधीच्या मॅचमध्ये प्रत्येक टीमला साधारण किती पझेशन मिळाली ते बघा, मग प्रत्येक टीम 100 पझेशनला किती पॉइंट्स करतेय ते. समजा पझेशन 96, एक टीम 112 ने करतेय, दुसरी 110 ने, तर 96 गुणिले 2.22, म्हणजे 213. पझेशन 98 धरली की तेच 217 च्या पुढे जातं, दोन पझेशनमध्ये चार पॉइंट्सचा फरक! पण एखाद्या मॅचला सगळे थ्री (लांबून मारायचे तीन पॉइंट्सचे शॉट) पडत गेले म्हणून टोटल फुगली असेल तर तो आकडा पुढच्या मॅचला जसाच्या तसा नेऊ नका, वेग टिकतो, तसलं शूटिंग नाही टिकत.

मग इंज्युरी रिपोर्ट, म्हणजे जखमी प्लेअरची यादी. स्टार बाहेर म्हणजे अंडर, इतकं सरळ नसतं. रिंगजवळ शॉट अडवणारा सेंटर बाहेर असेल तर समोरच्यांना सोपे पॉइंट्स मिळतात. आणि बातमी आली की लाइन काही मिनिटांत हलते, तुम्ही जेवून येईपर्यंत त्यात काही उरत नाही.

ओव्हरटाइम, म्हणजे बरोबरी झाल्यावरचा जादा वेळ, फुल गेमच्या टोटलमध्ये सहसा धरतात, तरी तुमच्या बुकचा नियम वाचाच. 2019 मध्ये डेन्व्हर-पोर्टलंडची तिसरी मॅच 48 मिनिटांनंतर 102-102 होती, म्हणजे 204, मग चार ओव्हरटाइम झाले आणि पोर्टलंड 140-137 ने जिंकली. 277! अंडरवाल्यांचं काय झालं असेल विचार करा. यावर उपाय काही नाही, म्हणून बेटसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातले एका मॅचवर एक-दोन टक्केच लावायचे, आणि हरल्यावर वसुलीसाठी पुढची बेट वाढवायची नाही. घरखर्चाच्या पैशाला तर हातच लावू नका.

दोन-तीन बुकचे आकडे बघून मगच लावा, अंडर घ्यायचा तर 214.5 पेक्षा 216 कधीही बरा. तुमचा अंदाज आणि लाइन यात दोन पॉइंट्सचाच फरक असेल तर मॅच सोडून द्या, माझ्या मते बहुतेक मॅच सोडायच्याच असतात.

आणि वहीत लिहून ठेवा, कुठल्या आकड्याला घेतलं आणि मॅच सुरू होताना तो कितीवर होता. 217 ला अंडर घेतला आणि सुरुवातीला लाइन 214 झाली, तर बेट हरली तरी अंदाज बहुधा ठीक होता. सारखं उलटंच होत असेल तर तुमचं पझेशनचं गणित परत तपासा, आणि तोपर्यंत पैसे लावणं बंद.