फुप्फुसाच्या पेशींना मेदाम्ल देताना

माझ्या आत्याला हॉजकिन्स या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या उपचारात ब्लिओमायसिन हे औषध दिलं होतं. कॅन्सर गेला, पण नंतर दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याचा जिना चढताना तिला दोनदा थांबावं लागायचं. हे औषध मोडणारं एन्झाइम फुप्फुसात फार कमी असतं, म्हणून इजा तिथेच जास्त. अशा पेशींतला दाह कोणतं मेदाम्ल (फॅटी अॅसिड) भडकवतं आणि कोणतं शमवतं, हे बघायला वडोदऱ्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत जी नवी मुलं येतात, त्यांना मी सांगते ते असं.

पेशी ए५४९, म्हणजे माणसाच्या फुप्फुसाच्या कॅन्सरपासून वाढवलेल्या. ब्लिओमायसिनची मात्रा आपल्या हाताने तपासून ठरवा. ग्लोव्ह्ज आणि सेफ्टी कॅबिनेटशिवाय बाटली उघडू नका.

खरी मेहनत मेदाम्ल विरघळवण्यात आहे. पामिटिक आम्ल २५.६ मिलिग्रॅम घ्या, १ मिली ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ७० अंशांवर ठेवा. द्रव काचेसारखा नितळ झाला की लगेच ३७ अंशांवर ठेवलेल्या १९ मिली १० टक्के बीएसएमध्ये (गाईच्या रक्तातलं, मेदाम्ल धरून ठेवणारं प्रथिन) हलवत थेंबथेंब सोडा. हात रेंगाळला की जानेवारीतल्या तुपासारखं पांढरं थिजतं. तसं झालं तर पुन्हा गरम करा. गढूळ द्रव पेशींवर घालू नका. हा ५ मिलिमोलरचा साठा झाला. प्लेटमधल्या १ मिलीच्या वेलमध्ये, म्हणजे खळग्यात, एकूण द्रवापैकी ४० मायक्रोलिटर हा साठा असला की २०० मायक्रोमोलर.

तितकंच नुसतं बीएसए घातलेली वेल प्रत्येक प्लेटमध्ये हवीच. पहिल्या वर्षी माझे चार महिने इथेच गेले. पामिटिक आम्लाने आयएल-८, म्हणजे दाहाचा निरोप देणारं प्रथिन, वाढतंय म्हणून मी आनंदात होते. मग नुसत्या बीएसएच्या वेलमध्येही तेवढंच वाढलेलं दिसलं. बीएसएमध्ये एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातलं दाह भडकवणारं द्रव्य, होतं. तेव्हापासून मेदाम्लरहित आणि कमी एंडोटॉक्सिनचंच बीएसए मागवते.

दुसरं मेदाम्ल डीएचए, माशाच्या तेलातलं ओमेगा-३. त्याची तऱ्हा वेगळी. त्यात २२ कार्बन, ६ दुहेरी बंध. हवा लागली की बिघडतं. बाबा वाड्याच्या दाराला जवसाचं तेल लावायचे, ते काही दिवसांत चिकट होऊन वाळायचं. तसंच इथेही ऑक्सिजनचंच काम. म्हणून लहान लहान वाटे करा, वर नायट्रोजन सोडा, उणे ८० अंशांवर अंधारात ठेवा आणि उघडलेला वाटा परत ठेवू नका.

मोजायचं काय? दाहाची जनुकं चालू करणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाचा पी६५ हा भाग केंद्रकात शिरतोय का, हे स्टेनिंग करून बघा. त्यासाठी वेळेचे तीन-चार टप्पे घ्या. आयएल-८ साठी २४ तासांनंतरचं माध्यम काढून एलायझा (प्रतिपिंडांनी प्रथिन मोजायची चाचणी) करा. उंदरांत आयएल-८ चं जनुकच नाही, त्यामुळे पुढे प्राण्यांवर जाल तेव्हा मोजणी बदलावी लागेल.

डीएचए पेशीच्या पृष्ठभागावरच्या जीपीआर१२० या रिसेप्टरला चिकटतं, बीटा-अरेस्टिन-२ हे प्रथिन आत येऊन टॅब१ या प्रथिनाला अडकवतं आणि त्याच्या जोडीदार टॅक१ कडून एनएफ-कप्पा-बीला जाणारा निरोप थांबतो. ही साखळी २०१० मध्ये मॅक्रोफेजमध्ये दाखवली गेली. आपल्या पेशीत तो रिसेप्टर आहे का, हे आधी तपासा, मगच श्रेय द्या.

आणि एक. डीएचए जास्त झालं तर पेशी मरतात, आणि मेलेली पेशी आयएल-८ बनवत नाही. कमी आकडा बघून ‘दाह शमला’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह मलाही झाला होता. प्रत्येक वेलमधलं प्रथिन मोजा आणि आयएल-८ त्याच्या प्रमाणात लिहा.