बाउन्स फ्लॅश वापरताना या चुका टाळा

घरगुती कार्यक्रमाचे फोटो कुणी दाखवायला आणले की मी आधी डोळ्यांच्या खोबणी बघतो. तिथे काळोख असेल, तर फ्लॅशचं डोकं सरळ वर होतं हे ओळखायला वेळ लागत नाही. बाउन्स म्हणजे फ्लॅशचा प्रकाश थेट न मारता भिंतीवर किंवा छतावर आपटवून माणसावर आणणं. फ्लॅश छताकडे केला म्हणजे बाउन्स जमला, ही समजूत नव्या मुलांच्या डोक्यातून काही केल्या जात नाही. बाउन्समध्ये प्रकाश ज्या जागेवर आपटतो, ती जागाच तुमचा दिवा होते. हा दिवा माणसाच्या डोक्यावर आला की कपाळ आणि नाक उजळतं, डोळे आणि हनुवटीखालचा भाग काळवंडतो. जवळून पोर्ट्रेट काढताना तर हे हमखास होतं.

माझी सवय अशी: फ्लॅशचं डोकं बाजूला आणि थोडं मागे, माझ्या खांद्यामागे भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्याकडे वळवायचं. मग खिडकीतून यावा तसा प्रकाश एका अंगाने येतो आणि चेहऱ्याला गोलाई मिळते. या फेऱ्यात दोन-तीन स्टॉप प्रकाश सहज जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणं). म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) ८००, एफ/४ (लेन्सचं छिद्र), शटर १/१२५ सेकंद इथून सुरुवात करा. नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, नको म्हणून आयएसओ १०० धरून बसलात, तर फ्लॅश दर वेळी फुल पॉवरवर उडतो आणि तो परत चार्ज होईपर्यंत समोरचं हसू विरून जातं.

रंगीत भिंत हा माझ्या रागाचा खास विषय. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने डोहाळजेवणाचं काम घेतलं होतं. हॉलचं छत पांढरं, फार उंच नाही, अगदी हवं तसं. पण बाजूने आलेला प्रकाश चांगला, एवढंच त्याच्या लक्षात राहिलं होतं आणि ती बाजूची भिंत निघाली पोपटी. गरोदर बाईचा एक गाल हिरवट, दुसरा वरच्या बल्बमुळे पिवळा. ‘रॉमध्ये काढलंय, व्हाइट बॅलन्स नंतर बघू’ म्हणून तो निर्धास्त. (रॉ म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, व्हाइट बॅलन्स म्हणजे प्रकाशाच्या रंगाची दुरुस्ती.) घरी बसून त्याने मॅजेंटा वाढवला, तेव्हा हिरवा गाल ताळ्यावर आला. पण दुसरा गाल गुलाबी झाला आणि मोगऱ्याचे पांढरे दागिनेही गुलाबी. एका चेहऱ्यावर दोन रंगांचा प्रकाश असेल तर एक स्लायडर पुरत नाही, प्रत्येक फोटो मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग वेगळा निवडून, सुधारावा लागतो. घरच्यांनी अल्बम परत पाठवला. तो दिवस त्या बाईच्या आयुष्यात पुन्हा येणार नव्हता, म्हणून ‘नंतर बघू’ हे वाक्य मला सहन होत नाही.

हॉलमध्ये शिरलो की मी कुणाच्या तरी हातात पांढरा रुमाल देतो, दोन-तीन दिशांना बाउन्स करून बघतो आणि रुमाल जिथे पांढरा दिसेल ती दिशा धरतो. कोकणातल्या कौलारू घरात वर काळपट वासे आणि कौलं असतात, तिथून प्रकाश परतच येत नाही. अशा वेळी चुना दिलेली भिंत शोधा, नाहीतर दोरीवर पांढरी चादर टाका.

फ्लॅशवर प्रकाश पसरवणारी प्लास्टिकची टोपी लावून तो समोर रोखू नका. टोपीचा आकार फ्लॅशएवढाच, त्यामुळे सावल्या तशाच कडक राहतात. छोट्या पांढऱ्या खोलीत तिचा उपयोग होतो, मोठ्या कार्यालयात ती नुसते सेल खाते.

शटर १/५०० वर नेऊ नका. बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सर्वात वेगवान शटर, १/२०० ते १/२५० असतो. त्यापुढे फोटोत काळा पट्टा येतो, किंवा हाय स्पीड सिंक (वेगवान शटरसाठी फ्लॅश भराभर लुकलुकण्याची सोय) सुरू होऊन पॉवर घटते, आणि बाउन्सला ती घट परवडत नाही.

पांढऱ्या सदऱ्यातले आजोबा फ्रेमभर असतील तर टीटीएल, म्हणजे फ्लॅशची पॉवर आपोआप ठरवणारी सोय, फोटो काळपट काढतं. फ्लॅश कॉम्पेन्सेशन (त्या पॉवरमध्ये हाताने करायचा फेरबदल) पाऊण-एक स्टॉप वाढवा.

आणि चष्म्यात पांढरा डाग आला म्हणून आजीला चष्मा काढायला सांगू नका. चष्म्याशिवाय त्या घरच्यांनाच ओळखीच्या वाटत नाहीत. बाउन्सची भिंत बदला. डाग तरीही राहिला तर हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा.