हत्तीपाय घरी कसा सांभाळावा

हत्तीरोगाचा पाय अधूनमधून लाल होतो, ठणकतो, जांघेत अवधाण येतं, थंडी वाजून ताप भरतो. लोक म्हणतात, ‘जंत उठला.’ पण बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. हत्तीरोगाच्या जंतांनी लसिकावाहिन्या, म्हणजे अंगात पाझरलेलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, आधीच बिघडवलेल्या असतात. अशा पायात बोटांच्या बेचक्यातून किंवा टाचेच्या भेगेतून जिवाणू शिरले, की त्यांना आवरणं शरीराला जमत नाही. दर झटक्यागणिक सूज वाढते. केळीला पाणी भरताना तासन्‌तास चिखलात अनवाणी उभं राहणाऱ्याला हा धोका जास्त.

म्हणून पाय रोज धुवा, झोपण्याआधी धुतलात तर उत्तम. पाणी साधं किंवा कोमट घ्या, साबण अंगाचाच. हाताला साबण लावून गुडघ्यापासून खाली, प्रत्येक घडीत आणि बेचक्यात हलके फिरवा; ब्रश किंवा वजरी नको. ओघळणारं पाणी नितळ दिसेपर्यंत धुवा. पुसताना घासू नका, टिपून घ्या. खरी चूक इथेच होते: बेचकी ओली राहते, कातडी पांढरी पडून चिरते. मऊ सुती कापडाची पट्टी बोटांमधून घालून ओल टिपा. खाज किंवा पांढरा थर असेल तर बुरशीवरचं मलम लावा. पू असेल तर डॉक्टरांना दाखवा.

रात्री पायाखाली उशी घ्या. दिवसा टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं, ५ ते १५ वेळा. शेतात पायाला न काचणारी चप्पल हवीच.

झटका आला की व्यायाम आणि मालिश बंद. थंड पाण्याची घडी ठेवा, भरपूर पाणी प्या, त्याच दिवशी दवाखाना गाठा. रुईची पानं तापवून बांधू नका, कातडी भाजते.

हत्तीरोगाच्या सरकारी मोहिमेतल्या डीईसी आणि अल्बेंडाझोल या जंतांवरच्या गोळ्या घरातल्या धडधाकट माणसांनीही जेवून, कर्मचाऱ्यासमोर गिळाव्यात. २ वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसं वगळा. नंतर ताप, डोकेदुखी, मळमळ झाली तर घाबरू नका. रक्तातले बारीक जंत मरताना असं होतं. पायावर आधीच आलेली सूज मात्र या गोळ्यांनी उतरत नाही.

हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो. शौचालयाच्या टाकीच्या उभ्या पाइपाला बारीक जाळी बांधा, तुंबलेली गटार मोकळी करा.