ए-लेव्हलला डान्स घेताय? या चुका टाळा

इंग्लंडमधल्या मराठी घरांत जीसीएसई (आपल्या दहावीसारखी परीक्षा) संपली की सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे ए-लेव्हलच्या दोन वर्षांच्या, विषयांवर खल सुरू होतो. मुलगी लहानपणापासून कथक किंवा भरतनाट्यम शिकतेय, मग डान्स घेतला की एक चांगली ग्रेड नक्की, असं कुणीतरी म्हणतंच. घोळ इथूनच सुरू होतो.

एक्यूए बोर्डाच्या ए-लेव्हल डान्समध्ये निम्मं वजन प्रात्यक्षिकाला आणि निम्मं लेखी पेपरला. पेपर अडीच तासांचा, 100 गुणांचा, आणि त्यातले 75 गुण निबंधांचे. प्रात्यक्षिकातही तीन गोष्टी येतात: एकल नृत्य, चौघांमधलं नृत्य आणि तुम्ही इतरांवर बसवलेली समूहरचना. एकल नृत्य अभ्यासक्रमातल्या नृत्यकाराच्या शैलीशी जोडलेलं लागतं, त्यामुळे अरंगेत्रमची (भरतनाट्यमच्या पहिल्या जाहीर एकल कार्यक्रमाची) तयारी जशीच्या तशी तिथे नेता येत नाही. ‘हिला येतंच की’ म्हणून विषय घेणाऱ्यांना पहिल्याच सहामाहीत धक्का बसतो तो यामुळे.

गुरूंनी दिलं तेच नाचायची सवय

माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण ही आहे, आणि ती चांगल्या शिकलेल्या मुलांनाच जास्त येते. आपल्याकडे तोडा (बोलांवर बांधलेला नृत्याचा तुकडा) मिळतो तो घोटायचा, त्यात काना-मात्रा बदलायची नाही. या शिस्तीने शरीर तयार होतं, यात वाद नाही. पण समूहरचनेत परीक्षक तुमचे पाय बघत नसतो. ही हालचाल इथेच का, हे दोघे एकमेकांकडे पाठ करून का उभे आहेत, सुरुवातीचा तुकडा मध्यावर उलटा का आला, याची उत्तरं त्याला रचनेतच दिसायला हवी असतात.

मग काय होतं? मुलं हस्तकांकडे, म्हणजे हातांच्या मुद्रांकडे, वळतात. विषय नदी असेल तर हाताच्या लाटा, पक्षी असेल तर पंख. अभिनयात हे शोभतं, पण इथे ते शब्दाला चित्र चिकटवल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा एक छोटा तुकडा घ्या, आठ-दहा हालचालींचा. तो जमिनीवर करून बघा, अर्ध्या वेगात करा, एकट्या हाताला द्या, दोघांत वाटा, मागून पुढे करा. यातलं बरंचसं टाकून द्यावं लागेल, आणि ते टाकवत नाही हीच खरी गोम. रचना तीन ते पाच नर्तकांची असते. म्हणजे नाचणारे तुमच्यासारखे तयार नसतील हेही धरून चाला. पाचव्या चक्कराला तोल जाणाऱ्या मैत्रिणीकडून नऊ चक्कर मागण्यात काही अर्थ नाही.

विषयही आवाक्यातला घ्या. ‘युद्ध’, ‘नैराश्य’, ‘स्त्रीची वेदना’ हे तीन-चार मिनिटांत मावत नाही. गर्दीच्या लिफ्टमध्ये चौघे एकमेकांची नजर टाळतात, एवढ्यावर उत्तम रचना होते.

समेचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचा, मोहही आवरा. प्रत्येक तुकडा समेवर आणून सोडायची सवय इतकी मुरलेली असते की रचना ठोकळ्यांची होते. अमेरिकेचे नृत्यकार मर्स कनिंगहॅम यांनी तर संगीत आणि नृत्य स्वतंत्र तयार करून रंगमंचावरच एकत्र आणलं. तेवढं टोक गाठायची गरज नाही, पण कधी संगीत चालू असताना थांबून बघा.

निबंधात गोष्ट सांगत बसणं

लेखी पेपरसाठी ब्रिटिश नृत्यकार क्रिस्टोफर ब्रूस यांची 1991 मधली ‘रूस्टर’ (कोंबडा) ही नृत्यरचना सगळ्यांना अनिवार्य आहे. रोलिंग स्टोन्सची आठ गाणी, दहा नर्तक. मुलं लिहितात: ‘पुरुष कोंबड्यासारखा चालतो, मान पुढे करतो, टाय नीट करतो.’ हे वर्णन झालं, आणि यावर फारसे गुण मिळत नाहीत. पुढचा प्रश्न विचारा: मग काय? मान झटक्याने पुढे येते आणि तेवढाच झटका टाय सावरण्यात आहे, म्हणजे जनावराचा तोरा आणि नटण्याची हौस एकाच अंगविक्षेपात आली. साठच्या दशकातल्या तरुणाची ऐट आणि तिची थट्टा दोन्ही त्यातून कळतात. हालचाल, जागा, गती-जोर, नर्तकांमधलं नातं यांतलं निदान एक नेमकं सांगा आणि ते अर्थाशी बांधा. वाक्य छोटं झालं तरी चालेल.

दुसरी गफलत म्हणजे कलाकृती एकटीच अभ्यासणं. ‘रूस्टर’सोबत रॅम्बर्ट या ब्रिटिश नृत्य कंपनीचा 1966 ते 2002 हा काळ नेमलेला आहे. 1966 मध्ये नॉर्मन मॉरिस यांच्या पुढाकाराने बॅले रॅम्बर्ट आधुनिक नृत्याकडे वळली, पुढे रिचर्ड अल्स्टन आले, मग 1994 पासून ब्रूस स्वतः दिग्दर्शक झाले. हा धागा माहीत नसेल तर ब्रूस यांच्या शरीरभाषेत बॅले आणि आधुनिक नृत्य शेजारी शेजारी का नांदतात, हे लिहिताच येत नाही.

व्हिडिओ एकदा बघून भागत नाही. एकदा आवाज बंद करून बघा, एकदा फक्त वेशभूषा आणि प्रकाश बघा.

‘अक्रम खान म्हणजे आपलंच कथक’

शाळेने ‘रूस्टर’च्या जोडीला शिकवायचा पर्यायी विभाग म्हणून 2000 नंतरचं ब्रिटिश स्वतंत्र समकालीन नृत्य घेतलं असेल, तर कथकवाल्यांचे डोळे लगेच त्यातले नृत्यकार अक्रम खान यांच्याकडे जातात. ते लंडनमध्ये वाढले, कथक प्रताप पवार यांच्याकडे शिकले, हे खरंच. पण त्यांच्या शैलीत कथकचा वेग जमिनीकडे झुकतो, वजन सोडून देतो. सरळ पाठीने तत्कार (पदाघात) आणि चक्कर केले तर ते तुमच्या क्लासचं कथक होतं, त्यांचं नाही. याच विभागातल्या सिदी लार्बी शेरकावी यांच्या ‘सूत्र’मध्ये (2008) शाओलिनचे भिक्षू आणि अँटनी गॉर्मली यांच्या लाकडी पेट्या आहेत. 2005 मध्ये शेरकावी आणि खान यांनी ‘झिरो डिग्रीज’ एकत्र केलं होतं. दोघांची शरीरं शेजारी ठेवून बघितलीत तर शैली म्हणजे काय ते भराभर उलगडेल.

जमिनीवरच्या कामाची सवय नसताना एकदम लोळणं-घसरणं सुरू केलं की गुडघे आणि खांदे कुरकुरतात. वॉर्म-अप टाळू नका.

प्रवेशाचा गोंधळ

वैद्यकीयला जायचं असेल तर डान्स रसायनशास्त्राची जागा घेणार नाही. उलट, नृत्याच्या कॉन्झर्वेटॉयरला (व्यावसायिक प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेत) जायचं असेल तर ऑडिशन महत्त्वाची, आणि केवळ ए-लेव्हलच्या भरवशावर राहू नये. कोर्सची पानं स्वतः वाचा, नातेवाइकांच्या ऐकीव माहितीवर विषय ठरवू नका.

ओपन इव्हनिंगला (प्रवेशाआधी कॉलेज बघायच्या संध्याकाळी) कॉलेजात दोन-तीन गोष्टी स्पष्ट विचारा: पर्यायी कलाकृती कोणती शिकवता (‘गिझेल’, ‘अपलाचियन स्प्रिंग’, ‘सिंगिंग इन द रेन’ की ‘सूत्र’), गटात किती विद्यार्थी आहेत आणि ते कमी पडले तर कोर्स रद्द होतो का. स्टुडिओची फरशीही बघून घ्या. काँक्रीटवर थेट लिनोलियम टाकलेलं असेल तर दोन वर्षं तिथे उड्या मारायच्या का, हे घरी बसून ठरवा.