सिद्धता पटते, पण उमगत नाही

उच्च गणिताकडे नव्याने वळलेल्या विद्यार्थ्याची अडचण बहुधा अशी असते, की सिद्धतेतील प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवरून कशी आली हे त्याला पटते, मात्र ती सिद्धता कुणाला सुचली कशी, याचा थांग लागत नाही. आकडेमोडीत तरबेज असलेल्यांना हे अधिक जड जाते, कारण तोवर उदाहरण पाहताच रीत आठवत असे आणि आता आठवण्याजोगी रीतच उरलेली नसते. या अवस्थेत मीही बराच काळ काढला. आधी विषयाची जाण येईल आणि मग सिद्धता सुचू लागतील, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही, हे त्यातून कळले. व्याख्यांशी आणि सिद्धतांशी झटापट करतानाच ती जाण तयार होत जाते.

सुरुवात छापील सिद्धतेच्या क्रमापासून करावी. ‘क्ष चा वर्ग’ हे फलन ३ या बिंदूपाशी संतत (तिथे न तुटणारे) आहे, हे दाखवताना पुस्तक आरंभीच सांगून टाकते की एप्सिलॉन, म्हणजे फलनाच्या किमतीत चालणारा फरक, दिला असता, १ आणि एप्सिलॉनचा सातवा भाग यांपैकी जी संख्या लहान असेल ती डेल्टा, म्हणजे क्ष ला ३ पासून दूर जाण्याची मुभा, म्हणून घ्यावी. हा ७ आला कुठून, हे सांगण्याची तसदी सहसा कुणी घेत नाही. तो कच्च्या कामातून आलेला असतो. क्ष च्या वर्गातून ९ वजा केल्यास ‘क्ष वजा ३’ आणि ‘क्ष अधिक ३’ असे दोन अवयव पडतात. पहिला हवा तितका लहान करणे आपल्या हातात असते, दुसऱ्याला मात्र लगाम घालावा लागतो. क्ष आणि ३ यांतील अंतर १ पेक्षा कमी ठेवले, तर क्ष हा ४ च्या आत राहतो आणि दुसरा अवयव ७ च्या आत. म्हणजे विचार शेवटाकडून सुरुवातीकडे झाला आणि लिखाण उलट दिशेने. याच ठिकाणी १ ऐवजी २ घेऊन पाहावे: ७ च्या जागी ८ येतो आणि सिद्धतेचे काहीही बिघडत नाही. कोणती निवड सक्तीची आणि कोणती आपल्या मर्जीची, हा भेद एकदा दिसू लागला की अशा सिद्धता पाठ करण्याची गरजच पडत नाही.

यापेक्षाही उपयोगी ठरलेली सवय म्हणजे प्रमेयातील एखादी अट काढून टाकायची आणि सिद्धता नेमकी कोणत्या ओळीला अडते ते शोधायचे. संतत फलनांची क्रमिका एकसमान अभिसारी असेल, म्हणजे एकाच पदानंतर सगळ्या क्ष साठी सीमेच्या हवी तितकी जवळ राहत असेल, तर तिची सीमा संतत असते, हे प्रमेय घ्या. ‘एकसमान’ हा शब्द गाळून शून्य ते १ या अंतरालावर क्ष, क्ष चा वर्ग, क्ष चा घन अशी घातांची क्रमिका तपासा. क्ष हा १ पेक्षा लहान असेल, तर सीमा शून्य येते, आणि क्ष १ असेल, तर १. प्रत्येक घात संतत असूनही सीमा तुटलेली. इथवर पुस्तकातही असते, पण खरी समज पुढच्या आकडेमोडीत आहे. घाताची किंमत पाव एककाच्या खाली आणायला किती पदे पुढे जावे लागते? क्ष ०.५ असेल, तर तिसरा घात पुरतो, ०.९ साठी चौदावा लागतो आणि ०.९९ साठी १३८ वा. क्ष जसजसा १ जवळ जातो तसतसा हा आकडा हाताबाहेर जातो, आणि सगळ्या क्ष ना एकाच वेळी पुरेल असा कोणताही आकडा सापडत नाही. सिद्धतेत ‘असा एक क्रमांक (न) निवडा’ असे जे वाक्य येते, ते नेमके इथे कोसळते. एकसमान अभिसरणाची व्याख्या त्यानंतर परकी वाटत नाही.

कोशीसारख्या गणितज्ञाने १८२१ मध्ये ही अट न घालताच तसे विधान केले होते, आणि १८२६ मध्ये आबेलने त्याला अपवाद दाखवला. या कल्पनेला आकार यायला पुढे आणखी वर्षे लागली. तेव्हा पहिल्या वाचनात ती गळी उतरली नाही, म्हणून स्वतःच्या बुद्धीवर संशय घेणे अनाठायी आहे. कॅंटरने तर रेषेवरील बिंदू आणि चौरसातील बिंदू यांत एकास एक संगती सिद्ध केल्यावर, १८७७ मध्ये डेडेकिंडला, आपल्याला हे दिसते आहे पण विश्वास बसत नाही, अशा अर्थाचे लिहिले होते.

आकृत्या जरूर काढाव्यात, मात्र हाताने काढलेली वक्ररेषा नेहमीच गुळगुळीत निघते, आणि सर्वत्र संतत पण कुठेही विकलनीय नसलेले, म्हणजे कोणत्याही बिंदूपाशी ठरावीक उतार नसलेले फलन तिच्यात कधीच दिसत नाही, एवढे भान ठेवावे.

बीजगणितात मात्र अट काढून पाहण्याची ही युक्ती जरा वेगळ्या तऱ्हेने वापरावी लागते, कारण तिथे चित्रांचा आधार कमी आणि छोट्या उदाहरणांचा जास्त. प्रसामान्य उपगटाची (ज्याचे डावे व उजवे सहसंच जुळतात अशा उपगटाची) व्याख्या वाचून काहीच हाती लागत नसेल, तर तीन वस्तूंच्या सहा क्रमपरिवर्तनांचा गट कागदावर मांडावा, पहिल्या दोन वस्तूंची अदलाबदल आणि एकक घटक एवढ्यांचा उपगट घ्यावा आणि त्याचे डावे व उजवे सहसंच, म्हणजे उपगटाला गटातील एकेका घटकाने डावीकडून वा उजवीकडून गुणून मिळणारे संच, काढावेत. ते जुळत नाहीत. मग दोन डाव्या सहसंचांचा गुणाकार करताना प्रतिनिधी बदलून पाहावा: उत्तर वेगळ्याच सहसंचात जाऊन पडते. भागगट (सहसंचांचाच गट) बनवायला जी अट लागते ती का लागते, हे त्या कागदावरच दिसते.